माशांना आग्रह

परड्यातलं तळं मी पाहुण्यांना चहाआधीच दाखवतो. चहा आला की लोकांचं लक्ष बशीतल्या बिस्किटांकडे जातं आणि माझं 'नैसर्गिक समतोला'वरचं भाषण अर्धवट राहतं. पंप नाही, फिल्टर नाही, औषध नाही! माशांच्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचं खडीवरचे जिवाणू नायट्रेट करतात, ते हायड्रिला शोषतो, कुमुदिनीची पानं निम्मं पाणी झाकून शेवाळाचं ऊन तोडतात, डासांच्या अळ्या गप्पी गट्ट करतात. मी काहीच करत नाही, हे सांगायला मला अर्धा तास लागतो.

पण हे कोल्हापूर आहे. इथं कुणाचं पोट रिकामं बघवत नाही. शेजारचे मामा कठड्यावरून वाकतात, "मासं वाळल्यात की ओ!" आणि मी नको म्हणेपर्यंत मूठभर चुरमुरे पाण्यात. ज्या गावात पाहुण्याला पांढऱ्या रश्श्याची आणखी एक वाटी नाकारता येत नाही, तिथं गप्पीनं कुठल्या तोंडानं नको म्हणायचं? उरलेलं कुजतं, त्याचं शेवाळाला खत होतं, तळं हिरवं पडतं. मग मामाच सुचवतात, "उपसा सगळं आन् नळाचं भरा." म्हणजे क्लोरीननं जिवाणूही संपले.

तळी भरण्यात तसा आमच्या गावाचा हात धरणारं कुणी नाही. कपिलतीर्थ भरलं, तिथं मंडई. रावणेश्वराचं तळं भरलं, तिथं शाहू स्टेडियम. वरुणतीर्थ भरलं, तिथं गांधी मैदान. फुटबॉलची मॅच रंगात आली की शेजारच्या प्रेक्षकाला मी आवर्जून सांगतो, "तुम्ही तळ्यात बसलाय." तो म्हणतो, "काका, पेनल्टी हाय, गप बसा." मंडईत वांगी निवडताना हीच माहिती दिली तर भाजीवाली मावशी विचारते, "मग वांगी नकोत का?" पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचलं की गावभर ओरड होते. मला विचाराल तर वरुणतीर्थ आपला सातबारा शोधायला येतं.

रंकाळा तेवढा भरला नाही. त्याला आम्ही जेवू घातलं. नाल्यांचं सांडपाणी, निर्माल्य, धुण्याचा साबण, सगळं आग्रहानं. मग केंदाळ माजलं, पाणी हिरवं पडलं. ज्या रंकाळ्यात वडिलांनी पाठीला डबा बांधून मला पोहायला ढकललं, त्याच्या काठानं नाकाला रुमाल लावून चालायची वेळ आली. याचं मला हसू येत नाही. केंदाळ काढल्याचे फोटो छापून येतात. नाल्यातून येणारं जेवण चालू आहे तोवर ते पुन्हा वाढणारच. तळं दहा फुटांचं असो की रंकाळ्याएवढं, शेवाळाला हिशेब कळतो तो नायट्रोजन-फॉस्फरसचा. त्याला कोल्हापूरचा अभिमान कळत नाही.

तेव्हा माझं तळं बघायला जरूर या. भडंग देतो, पण ते तुम्हीच खा.