हौदातला घरजावई

फिनिक्स, ॲरिझोना
नोव्हेंबर



आबा, तुमचा एक प्रश्न जुलैपासून आमच्याकडे उधार आहे. "क्लोरिन तीन दाखवतोय, मग पाण्यात शेवाळ कसं?" असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि तुमचे जावई "इथे रेंज नाही" म्हणत गच्चीवर निघून गेले. या घराला गच्ची नाही. उत्तर आता सापडलंय, पण ते फोनवर सांगायची सोय नाही, कारण मी क्लोरिन म्हटलं की माय मध्येच भाजी कोणती केली ते विचारते. म्हणून हे पत्र.

तुमचा सगळा जन्म ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यात गेला. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी पाण्यात सोडायची, अर्ध्या तासाने नळीत ओटीचे थेंब टाकून पिवळा रंग बघायचा आणि घरी जेवायला यायचं. आमच्या पोहण्याच्या हौदात साधारण ५७ हजार लिटर पाणी आहे. तुमच्या हिशेबाने दीडशे ग्रॅमच्या आत काम संपलं. तुमच्या जावयांनी मात्र गॅरेजमधलं एक कपाट रिकामं करून घेतलंय. त्यात गोळ्यांची बादली, ॲसिडचे कॅन, थेंबांच्या बाटल्या आणि एक वही. लेकाच्या अभ्यासाची वही या घरात कधी इतकी नीट लिहिली गेलेली नाही.

हौद आम्ही हौसेने बांधला नाही, हे मायला पुन्हा एकदा सांगा. घराबरोबर तो आला. इथे पुष्कळ घरांत असतो, कारण ऊनच तसं. शहाद्याच्या मे महिन्याला तुम्ही नावं ठेवता ना? २०२३ साली या गावात सलग ३१ दिवस दुपारचा कमाल पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या ४३ च्या खाली आलाच नव्हता. अशा उन्हात क्लोरिन टिकत नाही. उघड्या हौदात सकाळी टाकलेला क्लोरिन दुपारच्या उन्हाने तासाभरात निम्म्यावर येतो. तुमच्या विहिरीला कठडा आहे, खोली आहे, आत सावली आहे, टाकीला तर झाकणच. हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नाही तो त्यामुळे.

म्हणून क्लोरिनच्या पाठीशी एक रसायन ठेवतात, सायन्युरिक ॲसिड. दुकानात त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. ते क्लोरिनला धरून ठेवतं, उन्हाच्या हाती लागू देत नाही, आणि लागेल तसं थोडं थोडं सोडतं. ३० ते ५० पीपीएम असलं की पुरे. इथवर सगळं गोड.

गडबड गोळ्यांत आहे. तळहाताएवढी पांढरी गोळी, तरंगत्या डब्यात ठेवायची आणि विसरायचं, म्हणून सगळ्यांना प्रिय. तिचं नाव ट्रायक्लोर. तिच्यात क्लोरिन असतोच, पण प्रत्येक १० पीपीएम क्लोरिनमागे ६ पीपीएम स्टॅबिलायझरही ती पाण्यात सोडते. क्लोरिन काम करून संपतो. स्टॅबिलायझर उन्हाने जात नाही, गाळणीत अडकत नाही, वाफेबरोबर उडत नाही. आबा, हा घरजावई आहे. आला तेव्हा सगळ्यांना आधार वाटला, आता जायचं नाव नाही, आणि दर आठवड्याला आणखी एक येतोय. (हे मी यांच्यासमोर बोलले नाही. आपले जावई वेगळे.)

आमच्या हौदात आठवड्याला चार-पाच गोळ्या पडत होत्या. एका गोळीने जेमतेम दोन पीपीएम स्टॅबिलायझर वाढतो, म्हणजे आठवड्याला दहाच्या आसपास. एका उन्हाळ्यात किती झाला ते तुम्ही बोटांवर कराल. आणि तो जितका जास्त, तितकी क्लोरिनवरची त्याची पकड घट्ट. चाचणीत क्लोरिन दिसतो, पण मोकळा हिंडणारा अगदी थोडा. स्टॅबिलायझर चाळीस असेल तर तीन पीपीएम क्लोरिन ठीक चालतो. एकशेवीस असेल तर नऊ लागतो. आमच्याकडे तीनच होता, आणि शेवाळाला त्याची माहिती होती.

हा आकडा कळला कसा, ते ऐका. स्टॅबिलायझर मोजायची रीत फार मजेशीर आहे. हौदाच्या पाण्यात एक औषध मिसळलं की पाणी दुधी होतं. तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत ते हळूहळू ओतायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि बाजूचा आकडा वाचायचा. पाणी जितकं गढूळ तितकं थोड्या ओतण्यात काम होतं. तुमच्या पिवळ्या रंगावर वाद व्हायचा नाही. या ठिपक्यावर आमच्या घरात दोन तट पडले. यांना तो दिसत होता, लेकाला दिसत नव्हता, सासूबाई जपाची माळ ठेवून चष्मा घालून आल्या आणि म्हणाल्या, "कुठला ठिपका?" नळीच्या बुडाशी चमचाभर पाणी होतं, तेवढ्यातच ठिपका गायब. तुमच्या जावयांनी जाहीर केलं, "शंभर!" पट्टी शंभरालाच संपते हो. तिच्यापलीकडे दोनशे असते तरी ते शंभरच म्हणाले असते. शेवटी लेकाने निम्मं हौदाचं आणि निम्मं नळाचं पाणी मिसळून पुन्हा मोजलं, साठ आले, दुप्पट केले, एकशेवीस. तुमचा नातू आहे, दुसरं काय.

आता इलाज. माय प्रकाशाच्या संगमावर तापीत अंघोळ करते, ते पाणी तिच्यासाठी थांबत नाही, त्याला पुढे उकाईच्या धरणाला जायचं असतं. विहिरीतूनही रोज उपसा होतो, नवे झरे लागतात. आमच्या हौदाचं पाणी कुठेच जात नाही. वर्षाला पुरुषभर उंचीचं पाणी फिनिक्सच्या हवेत उडून जातं, पण जाताना ते एकटंच जातं. मागे राहिलेलं सगळं हौदातच. टाइलांवरचा पांढरा क्षाराचा पट्टा त्याचाच. स्टॅबिलायझरवर औषध म्हणून दुकानात काय काय दाखवतात, पण खात्रीचा उपाय एकच: जुनं पाणी काढा, नवं भरा. तेही भर उन्हाळ्यात नको, रिकाम्या हौदाचा गिलावा तापून तडकतो. म्हणून ऑक्टोबरपर्यंत आम्ही गोळ्या बंद करून बाटलीतला पातळ क्लोरिन रोज संध्याकाळी ओतत राहिलो. त्याच्यामागे फक्त मीठ उरतं. शेवाळ गेलं, पण रोजच्या बाटल्यांनी यांचा जीव मेटाकुटीला आला.

त्यात दिवाळी. पहिल्या आंघोळीला आमच्या ओळखीची सात-आठ घरं जमली, आणि पोरं तेल-उटणं लावलेल्या अंगांनी थेट हौदात. पाण्यावर हळद आणि तेलाचा तवंग. रात्रीपर्यंत क्लोरिन शून्य, कारण घाम, तेल, उटणं जे काही अंगावरून उतरतं त्या सगळ्याशी त्यालाच झगडावं लागतं. डोळे चुरचुरायला लागले की लोक म्हणतात क्लोरिन फार झाला. तो उग्र वास खरं तर अशा झगड्यात निपजलेल्या क्लोरामाइनचा. एका वहिनींनी मला हौदात तुरटी फिरवायचा सल्ला दिला. मी हो म्हटलं आणि त्यांना करंजी वाढली.

शेवटी गेल्या आठवड्यात दोन तृतीयांश पाणी काढलं, ३८ हजार लिटर. रस्त्यावर सोडायला बंदी आहे, मलनिस्सारणाच्या तोंडात पाइप घालावा लागतो. पाणी गुळगुळ जात होतं आणि तुमची मुलगी म्हणून मला हिशेब सुचायचाच. नळ योजनेत माणशी रोजचे ५५ लिटर. म्हणजे जवळजवळ सातशे माणसांचं एका दिवसाचं पाणी, आणि धडगावकडच्या पाड्यांवर बाया झिऱ्यातून वाटीवाटीने हंडा भरतात. मी हे यांना सांगितलं. हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र हौदावर घालायला आच्छादनाचा भाव विचारून आले. आच्छादनाने बाष्पीभवन कमी होतं आणि क्लोरिनही वाचतो. महाग आहे. घेणार आहोत.

आज ठिपका चाळिसावर दिसेनासा झाला. सासूबाईंनाही पटलं. तुम्ही असता तर जुलैत, गावच्या पाण्याला सर्वेक्षणात देतात तसं, लाल कार्ड दिलं असतंत, आता निदान पिवळं द्या. हिरव्याचं पुढच्या सर्वेक्षणात बघू.

आता एक महत्त्वाचं. परवा माय म्हणाली, जानेवारीत येताना आबा टीसीएलचं पाकीट आणणार आहेत, "जावईबापूंचा खर्च वाचेल." आबा, हात जोडते, आणू नका. एक तर असली पावडर विमानात चालत नाही. दुसरं, टीसीएल आणि या ट्रायक्लोरच्या गोळ्या चुकून एका भांड्यात आल्या तर पेट घेतात. आमच्या बादलीत अजून निम्म्या गोळ्या उरल्यात, आणि तुमच्या जावयांचा "थोडं मिसळून बघू" हा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

त्या जागेत बिबड्या आणा, कळण्याचं पीठ आणा, आणि नंदुरबारच्या पथारीवरची मिरची, कुटलेली नको, अख्खी. मायला सांगा, हौदात पाय सोडून बसायचा बेत असेल तर लोकरी मोजे बरोबर घे. जानेवारीत ते पाणी अस्सल बर्फाचं असतं, आणि तापवायचं यंत्र घ्यायचं मी अजून यांना सुचू दिलेलं नाही.

तुमची लाडकी,
धाकटी