छप्पर असलेला इतिहास

पाऊस आला की शनिवारवाड्यातला सगळा इतिहास दिल्ली दरवाज्याखाली दाटीवाटीने उभा राहतो. त्याला इलाज नाही. 27 फेब्रुवारी 1828 ला वाड्याला आग लागली, महाल जळाले, आत उरली ती नुसती जोती. 1732 साली ज्या वाड्याची थाटात वास्तुशांत झाली, त्यात आज कोरडे राहायचे तर नगारखान्याखालचा हा बोगदाच बरा. तिथे त्या दिवशी शाळेची एक सहल होती, शेंगावाला होता आणि आमचे साडू होते.

साडू दापोलीचे. पुण्यात पडतो त्याला ते पाऊस म्हणायलाच तयार नाहीत. "हे काय, सडा घातल्यासारखं!" पुण्यात वर्षाकाठी जेमतेम 70-75 सेंटीमीटर पडतो, आमच्याकडे एकटा जुलै याहून जास्त देतो, हे त्यांनी सहलीच्या मास्तरांना ऐकवले. मास्तर बिचारे नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी येऊन ठेपले होते. पोरांना गारदी दिसायच्या आत दापोलीचा जुलै मध्ये आला.

मग साडूंनी दारावरचे अणकुचीदार खिळे पाहिले. हत्तींच्या धडका बसू नयेत म्हणून ते ठोकले, असे मी सांगितले.

"हत्ती अडवले. पाऊस राहिला."

सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे आम्ही लांबूनच पाहिले. त्या दिवशी ते वरून चालू होते.

लाल महाल वाटेतच उरकला. शिवाजी महाराजांनी 1663 साली शाहिस्तेखानाची बोटे छाटली ती याच जागी, पण समोरची वास्तू विसाव्या शतकातली, महापालिकेने बांधलेली. साडूंना ती मनापासून आवडली. छप्पर शाबूत होते. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जाखाली तर त्यांनी दुसऱ्या बाजीरावाबद्दलचे आपले मत बदलले. "लोक काही म्हणोत, माणसाला बांधकाम कळत होतं." सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब त्यांच्या नजरेतून सुटले. ते पन्हळ शोधत होते.

राजा दिनकर केळकर संग्रहालयात मात्र आम्ही चांगलेच रेंगाळलो. अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने काकासाहेब केळकरांनी गावोगाव हिंडून वीस हजारांहून जास्त वस्तू जमवल्या. त्याही कसल्या? अडकित्ते, दिवे, कुलुपे, पाय घासायच्या वज्र्या. तलवारी जपणारे पुष्कळ असतात. घरातल्या बाईच्या हातातली वज्री जपायला कवीच लागतो, आणि काकासाहेब 'अज्ञातवासी' या नावाने कविता करीतच. साडू प्रत्येक कपाटापुढे थबकत. "आमच्या माळ्यावर हेच आहे हो. फक्त तिकीट लावायचं सुचलं नाही."

बाहेर पडलो तर रस्त्यावर एकच बातमी: खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल गेला! पूल कुठे जात नाही, पाण्याखाली जातो. पण बघायला पुणे लोटते. काठावर छत्र्याच छत्र्या. साडूंनी गढूळ मुठेकडे एक नजर टाकली आणि सुरुवात केली, "आमच्याकडे याला..."

"एकसष्ट साली इथं होतात का?" शेजारच्या आजोबांनी मान न वळवता विचारले.

"नाही. का?"

"12 जुलैला पानशेत फुटलं. लकडी पुलावरून पाणी गेलं. त्याला पूर म्हणतात. आणि छत्री जरा बाजूला घ्या, मागच्यांना दिसत नाहीये."