ब्राँझकाका

उल्हासनगरात नकलेचं कौतुक कुणालाच नाही. पण नकलांतली अस्सल नक्कल कोणती, यावर तासभर बोलणारे कॅम्प ५ मध्ये एकच : आमचे ब्राँझकाका.

एकोणिसाव्या शतकात इटली-फ्रान्स बघून परतणारे शौकीन तिथल्या गाजलेल्या पुतळ्यांच्या वीतभर ब्राँझ प्रती आठवण म्हणून घरी नेत. काकांचा पासपोर्टच नाही. विठ्ठलवाडीला लोकल धरायची, सँडहर्स्ट रोडला उतरायचं आणि चोरबाजारातली मटन स्ट्रीट गाठायची, एवढाच त्यांचा परदेश. सहल दुसऱ्याची, आठवण काकांची.

मूर्ती हातात आली की काका तोंड बघत नाहीत, आधी उलटी करतात. तळाला हळूच किल्लीने खरवडतात. पांढुरकं दिसलं तर जस्त, पिवळसर दिसलं तर ब्राँझ. दुकानदार ओरडेपर्यंत निकाल लागलेला असतो.

घरी टीव्हीच्या डोक्यावर मिलोची व्हीनस उभी आहे. 'हात कुरिअरवाल्याने तोडले का?' असं पाहुणे हळहळून विचारतात. एकाने तर 'कॅम्प ४ च्या व्हीनस चौकातून आणली का?' म्हणून विचारलं. मग काका पॅरिसच्या अशिल कोलासचं १८३६ सालचं यंत्र समजावतात : एक सुई मूळ पुतळ्यावरून फिरते, दुसरी तोच आकार लहान करून कोरते. दोन्ही सुया काकाच होतात, त्यामुळे चहाचा कप धरायला हात उरत नाही.

ब्राँझवरचा हिरवट-तपकिरी थर काकांच्या लेखी इतिहास, काकूंच्या लेखी कळकट. दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी पाँपेईच्या नाचऱ्या फॉनला चिंच-मीठ लावून समईसारखं लखलखीत केलं. काका सांगतात, त्या दिवशी अन्न गोड लागलं नाही. काकू म्हणतात, चकल्या कुणी संपवल्या मग?

परवा खालचे जीन्सवाले साईं वर आले. त्यांचे आजोबा लारकान्याचे. मोहेंजोदडोची नर्तकी दिसताच ते ओरडले, "अरे, ये तो हमारे गाँव की है!" काका खुलले. मूळ मूर्ती १९२६ ला सापडली, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, उंची जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, सगळं सांगून झालं. साईंनी काकांची प्रत वीत लावून मोजली. ती मूळच्या दुप्पट भरली.

"काका, ओरिजिनल इतनी छोटी और कॉपी इतनी बड़ी? फिर तो कॉपी में ही फायदा है," साईं म्हणाले. "सौ पीस का क्या रेट पड़ेगा?"