स्क्रू ठोकायचा नसतो

आमच्या घरचं सागवानी कपाट होऊन दोन वर्षं झाली. दोन्ही श्रावणांत त्याचा मधला ड्रॉवर अडकला. सातबारा, पासबुकं, बागेच्या सौद्याच्या चिठ्ठ्या, सगळं त्याच ड्रॉवरमध्ये. यंदा बायकोने खालचा ड्रॉवर काढला, खालून हात घातला आणि ठोकत ठोकत मधला उघडला. मे महिन्यात हाच ड्रॉवर नुसता ओढला की मांडीवर येऊन पडत होता.

मला राग येतो तो याचा, की यातलं काहीच अटळ नव्हतं. आमच्या नरखेडात उन्हाळ्यात पारा 45च्या घरात जातो, लाकूड खडखडीत वाळतं. पावसाळ्यात तेच लाकूड हवेतली ओल पितं आणि फुगतं. फुगतं ते रुंदीत. धाग्याच्या लांबीत त्याला जवळजवळ काही होत नाही. ओलं सागवान पुरतं वाळेपर्यंत रुंदीत 5.8 टक्क्यांपर्यंत आटतं, आणि तरी ते लाकडांत गुणी गणलं जातं. आमचं कपाट झालं मे महिन्यात. ड्रॉवरच्या 8 इंची बाजूला वर 2-3 मिलिमीटर मोकळे सोडले असते तर काम भागलं असतं. ते सोडले नाहीत, कारण घट्ट बसलेलं दिसायला छान दिसतं.

दारांचंही तेच. चौकटीच्या खाचेत मधली फळी मोकळी बसवायची असते, म्हणजे ती फुगली-आटली तरी चौकटीला धक्का लागत नाही. आमच्याकडे ती चारही बाजूंनी सरस लावून पक्की चिकटवली. पहिल्याच पावसाळ्यात फळी फुगली आणि चौकटीचा वरचा सांधा उघडला. त्या फटीत आता पोस्टकार्ड जातं.

आणि स्क्रू. बिजागऱ्या बसत होत्या तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मिस्त्रींनी स्क्रू टेकवला आणि हातोडीने हाणला.

"मिस्त्री, आधी गिरमिटाने छिद्र पाडून घ्या ना."

"काही नाही होत जी काकाजी. ठोकूनच बसते ते."

शेवटचे दोन आटे तेवढे पेचकसाने फिरवले. स्क्रूला आटे दिलेत ते लाकडात शिरून धरून राहण्यासाठी. ठोकला की धागे फाटतात, स्क्रू नुसता भोकात उभा राहतो. वर्षभरात डावं दार लटकलं. आता ते एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने कडी घालावी लागते, दिवसातून चार वेळा.

खोलीचं दुःख वेगळंच. कपाट बाहेरून 18 इंच खोल. दार आणि मागची प्लाय वजा जाता आत उरले साडेसोळा. हँगर 17 इंचांचा. सगळे शर्ट तिरपे टांगलेले. इथे तर लाकडाचाही दोष नाही. एक हँगर टेपने मोजला असता तर पुरलं असतं.

संत्र्याची पेटी ठोकावी तसं कपाट ठोकलं जातं, हे माझं म्हणणं आहे. पेटीला एका प्रवासापुरतं टिकायचं असतं. कपाट नातवंडांना द्यायचं असतं. आजोबांच्या वेळचं कपाट अजून मागच्या खोलीत आहे. खाचेत कुसू बसवून, आरपार लाकडी खुंटी मारून केलेलं. भर पावसाळ्यात त्याचे खण सरळ सरकतात. करणाऱ्याकडे करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या याहून फार काही नसणार. याच मुलखाच्या सागाला जुन्या मध्य प्रांतावरून सीपी साग म्हणतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023मध्ये आलापल्लीच्या जंगलातला साग बल्लारपूरच्या डेपोतून गेला. तो साग इतक्या दूर मानाने जातो, आणि आपल्या घरात त्याच्या अंगात हातोडीने स्क्रू ठोकतात. हे मला सहन होत नाही.

आपणही मजुरीत घासाघीस करतो, लग्नाच्या तारखेआधी कपाट हवं म्हणून घाई करतो, हे खरं आहे. पण छिद्र पाडायला प्रत्येक स्क्रूमागे अर्धा मिनिटही लागत नाही. त्या अर्ध्या मिनिटाचे वेगळे पैसे मी आनंदाने दिले असते.

यंदा कोणी कपाट करायला टाकणार असाल तर लाकूड आधीच घेऊन सावलीत, हवेशीर जागी रचून ठेवा. इंचभर जाडीच्या ओल्या फळीला वाळायला वर्ष लागू शकतं. उभी झालेली चौकट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून मोजा; मापं सारखी आली नाहीत तर पैसे देण्याआधी सांगा. आणि मिस्त्रीकडे जाताना घरातला एक हँगर सोबत न्या.