कोगनोळी नाक्यावरच्या बंदोबस्तास अनावृत पत्र

प्रति,
मा. बंदोबस्तप्रमुख,
तपासणी नाका, कोगनोळी,
ता. निपाणी, जि. बेळगाव

विषय : ओळखपत्र न दाखवता दोन्ही दिशांनी ये-जा करणाऱ्या एका इसमाबाबत



आपल्या नाक्याची ख्याती आम्ही सीमाभागातले लोक जाणून आहोत. 2021 च्या सुरुवातीला आरटीपीसीआरचा कागद नसलेल्या गाड्या आपण कागलच्या दिशेने परत धाडल्या. डिसेंबर 2022 मध्ये बेळगावच्या महामेळाव्याला निघालेले कोल्हापूरचे नेते आपण येथेच अडवले. एवढी करडी नजर असताना एक इसम मात्र रात्रंदिवस आपल्या डोळ्यांदेखत निसटतो आहे. नाव : कार्बन डायऑक्साइड. राहणार : कागलच्या धुराड्यात, निपाणीच्या पेटलेल्या फडात, बेळगावच्या उद्यमबागेतल्या भट्टीत आणि महामार्गावरच्या प्रत्येक ट्रकच्या मागे. मातृभाषा : नाही, त्यामुळे तो 1 नोव्हेंबरला काळा दिनही पाळत नाही आणि राज्योत्सवही करत नाही. एकदा हवेत शिरला की त्याचा बराच भाग शतकानुशतके मुक्काम ठोकतो. त्याच्यापुढे 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला आमचा सीमादावा अगदीच कोवळा. कृपया त्यास ताब्यात घ्यावे. आपल्याला ते जमणार नाही हे आम्हास ठाऊक आहे, आणि मुंबई-बेंगळुरूलाही या नाक्यावर उभे राहून जमणार नाही. म्हणून हे काम सीमेच्या दोन्ही अंगांच्या गावांनी, कोणत्याही निकालाची वाट न पाहता, एकमेकांच्या साथीने हाती घ्यावे, असे आमचे म्हणणे आहे. त्याची कारणे पुढे मांडतो.

तत्पूर्वी दोन्ही सरकारांचे जाहीर आभार. इंधनबचतीचा एक कार्यक्रम ती अगदी एकदिलाने राबवतात : वाद पेटला की सीमेवरच्या एसटी बंद. डिसेंबर 2022 मध्ये असे झाले, फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा झाले. गाडीला काळे फासले जाते, गाड्या आगारात उभ्या राहतात, डिझेल वाचते. हिशेब मांडला की मात्र तो उलटा निघतो. लिटरभर डिझेल जळले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. निपाणी-कोल्हापूर अंतर 40 किलोमीटरच्या आसपास. पन्नास माणसांची बस लिटरला पाच किलोमीटर धावते असे धरले, तर एका खेपेला आठ लिटर, म्हणजे साधारण 22 किलो. तीच माणसे दहा-दहा करून पाच वडाप जीपमध्ये कोंबली आणि जीप लिटरला बारा किलोमीटर देते असे मानले, तर जवळजवळ 17 लिटर डिझेल आणि 45 किलो कार्बन डायऑक्साइड. दवाखाना, कॉलेज, बाजार आणि सोयरीक यांसाठी निघालेला माणूस बस बंद झाली म्हणून घरी बसत नाही. तो जादा पैसे मोजून दुप्पट धूर काढत जातो. त्यात गंमत अशी, की कर्नाटकाने 11 जून 2023 पासून ‘शक्ती’ योजनेत स्त्रियांचा बसप्रवास मोफत केला आणि महाराष्ट्राने त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे एसटी तिकीट निम्मे केले. दोन्ही तिजोऱ्या बसमधल्या प्रवाशासाठी पैसा ओततात आणि जिथे ती बस सर्वांत जास्त लागते, तिथेच ती थांबवतात.

या इसमाने आमचे काय बिघडवले, असे आपण विचाराल. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढले आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक ठप्प झाली. ही नदी पाटगावच्या डोंगरातला पाऊस घेऊन भुदरगड, कागल करत निपाणी तालुक्यात येते. तिचे काठ दोन राज्यांत आहेत, पूर मात्र एकच आहे. पाणी ओसरले की दोषाची वाटणी सुरू होते. कोल्हापूर-सांगलीने कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याकडे बोट दाखवायचे, कर्नाटकाने वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्याकडे. महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीने 2019 च्या पुरासाठी अलमट्टीला जबाबदार धरले नाही, तरी बोट काही खाली आले नाही. धरणांचे दरवाजे कधी उघडायचे हा प्रश्न खराच आहे, पण आता मुळात पाऊसच पूर्वीचा राहिलेला नाही. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. अशा पावसाविरुद्ध कोणत्या राज्याने कोणत्या न्यायालयात दावा लावावा, हे कोणी वकील सांगत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. भारतात माणशी वर्षाकाठी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत त्याच्या सातपट. मग निपाणीत बिडी वळणाऱ्या बाईने जगाची चिंता का वाहावी? आक्षेप रास्त आहे. त्या बाईच्या चुलीचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिवाय निपाणीची बिडी-तंबाखू उन्हावर वाळते, म्हैसूरकडच्या व्हर्जिनियासारखी लाकडाच्या भट्टीवर नाही; धुरासाठी प्रसिद्ध असलेले आमचे गाव माल तयार करताना धूर काढत नाही, हे आपण दप्तरी नोंदवून घ्यावे. मात्र सरासरीच्या आड बरेच काही लपते. त्या बाईच्या वाट्याचे दोन टन तिने जाळलेले नसतात. ते उसाच्या फडात, नदीकाठच्या मोटारींत, ओतशाळांत आणि रस्त्यावर जळतात. तिथे जे जळते त्याचा फार मोठा भाग निव्वळ नासाडी आहे. ती थांबवणे हे पुण्यकर्म नव्हे; आधी खिसा आणि जमीन वाचते, त्यामागून हवा.

उसाचेच घ्या. एका हेक्टरमागे आठ ते दहा टन पाचट निघते आणि तोडणीच्या आधी किंवा नंतर बहुतेक ठिकाणी त्याला काडी लागते. जाणकार म्हणेल, पाचटाचा कार्बन हवेतूनच आलेला असतो आणि पुढचे पीक तो परत शोषून घेते, मग नुकसान कुठले? कार्बनपुरते हे बरोबर आहे. पण अर्धवट जळण्यातून मिथेन आणि काजळी निघते, ती पिकात परत जात नाही. टनभर पाचटात चार-पाच किलो नत्र असते, तेही जवळजवळ सगळे उडून जाते. ते भरून काढायला युरियाची पोती येतात. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि शेतात जास्तीचा पडला की त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. म्हणजे शेतकरी आधी फुकटचे खत जाळतो आणि मग विकतचे आणतो. खोडव्यात पाचट सरीत आच्छादले तर ओल टिकते, तण दबते आणि पाणी कमी लागते. एकटा शेतकरी हे का करत नाही, याचे उत्तर त्याच्या आळसात नाही. कुट्टी यंत्र वेळेवर मिळत नाही आणि पेटवलेला फड ऊसतोड टोळीला तोडायला सोपा पडतो. ही गाठ कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमात सुटते : जळीत उसाची कपात आणि टोळीची मजुरी यांचा मेळ घालून, गावागावांत यंत्र फिरवून. सीमेपलीकडचा ऊस अलीकडच्या कारखान्यांत जातो, तेव्हा टनेजला राज्य नसते. मग पाचटाला तरी का असावे? बेळगावात निजलिंगप्पा साखर संस्था आहे, पुण्याजवळ मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. दोन्हींकडच्या तज्ज्ञांना एकाच बांधावर बोलवायला कोणताही आयोग नेमावा लागत नाही.

उसाला पाणी पाजणाऱ्या मोटारींची गोष्ट याहून सरळ आहे. देशाच्या ग्रीडमधली एक युनिट वीज तयार होताना सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. पाच एचपीची मोटार तासाला साडेचार युनिटांच्या आसपास खाते, म्हणजे दर तासाला तीन किलोहून अधिक. कर्नाटकात दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत, महाराष्ट्रात 2024 पासून साडेसात एचपीपर्यंत. बिल शून्य आले की कार्बनही शून्य झाला, असा समज करून घेणे सोयीचे आहे. रात्री मोटार चालू करून झोपी जाणाऱ्याला तो समज फार मानवतो. त्याची किंमत आधी जमीन मोजते : अतिपाण्याने शिरोळपासून खाली कृष्णाकाठी कितीतरी रान क्षारपड झाले आहे. ‘मग काय मोफत वीज काढून घ्यायची?’ असा संतप्त प्रश्न येईल. मुळीच नाही. दुधगंगा-वेदगंगेच्या काठी उपसा करणाऱ्या सहकारी पाणीपुरवठा संस्था आहेत, त्यांच्याकडे पाळीपत्रक आहे, पाटकरी आहे, सभासदांची वार्षिक सभा आहे. ठिबकासाठी एकत्र कर्ज, दिवसा सौर वीज आणि पाळीत शिस्त, हे तीन निर्णय त्या सभेत होऊ शकतात. ते कोणत्याही मंत्र्याच्या दौऱ्यावर अवलंबून नाहीत.

अधिकार नाहीत ही तक्रारही टिकत नाही. 73 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत अपारंपरिक ऊर्जा, सामाजिक वनीकरण, इंधन व चारा, लघुसिंचन हे विषय पंचायतींसाठी नमूद केलेले आहेत, आणि ती घटना कोगनोळीच्या दोन्ही बाजूंना लागू आहे. तमिळनाडूतल्या ओडंतुराई ग्रामपंचायतीने 2006 मध्ये 350 किलोवॉटची पवनचक्की उभारली आणि उरलेली वीज मंडळाला विकली. सातारा जिल्ह्यातले मान्याचीवाडी हे छोटे गाव संपूर्ण सौर झाले. खुद्द बेळगावने 1990 च्या दशकातल्या टंचाईत जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या. त्यांत 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीरही होती. गावातली विहीर जेवढे पाणी देते, तेवढे हिडकल धरणातून पंपाने चढवावे लागत नाही. उद्यमबागेतल्या ओतशाळांनी आणि कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या ओतशाळांनी कुपोलातला कोक कमी करण्याचे किंवा सौर वीज एकत्र विकत घेण्याचे ठरवले, तर त्यांचा प्रश्न एकच, स्पर्धा एकच आणि बहुतेकांचे बोलणेही एकाच भाषेत.

सर्वांत कडवा आक्षेप आमच्या घरातूनच येईल. आधी सीमाप्रश्न सोडवा, 865 गावांचा निकाल लागू द्या, मग हवा-पाण्याचे बघू. हा नवा विषय म्हणजे लढ्यावरून लक्ष उडवण्याचा डाव. 1956 पासून ज्यांनी भाषेसाठी लाठ्या खाल्ल्या त्यांच्या तोंडी हा संशय शोभतो, म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाला 1967 मध्ये अहवाल देऊन मोकळे होता आले, तापणाऱ्या हवेला तशी मुदत घालता येत नाही. गाव उद्या कोणत्याही राज्यात गेले तरी क्षारपड रान आणि वाहून गेलेली माती सोबतच जाणार. आणि इतकी वर्षे सरकारी मदतीशिवाय भाषा टिकवण्यासाठी जी यंत्रणा या भागाने उभारली, म्हणजे तरुण मंडळे, वाचनालये, पतसंस्था, गणेशोत्सव, ग्रामपंचायतीतले ठराव, तीच यंत्रणा या कामाला हवी आहे. दुसऱ्या कोणत्या जिल्ह्यात ती आयती सापडणार? 1981 मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी याच महामार्गावर ठिय्या दिला आणि 6 एप्रिलच्या गोळीबारात बारा शेतकरी गेले. त्या रस्त्यावर मराठी आणि कानडी शेतकरी एकाच भावासाठी बसले होते. पिकाच्या भावावर जे एकत्र आले, ते पिकाखालच्या जमिनीवरही येऊ शकतात. त्यासाठी कोणाला आपली भाषा किंवा आपला दावा सोडावा लागत नाही.

गावे कामाला लागली म्हणून सरकारे सुटत नाहीत, हेही या अर्जात लिहून ठेवतो. 2 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालेले महाराष्ट्राचे ‘माझी वसुंधरा’ अभियान त्या राज्यातल्या ग्रामपंचायतींना गुण देते. शेजारच्या निपाणीच्या गावाला त्यात खाते नाही. दोन्ही राज्यांनी दुधगंगा-वेदगंगा खोऱ्यापुरता एकच गुणतक्ता मान्य करावा आणि पावसाचे व धरणांच्या विसर्गाचे आकडे दोन्हीकडच्या गावांना एकाच वेळी द्यावेत. सीमेवरच्या बसला दवाखान्याच्या गाडीसारखे संरक्षण मिळावे, वाद कितीही पेटला तरी. नाक्यावर आपल्याकडून अपेक्षा थोडी आहे : एसटी, कुट्टी यंत्र, सौर पंपाचा कारागीर आणि पलीकडच्या ग्रामसभेला निघालेला सरपंच यांना विनाचौकशी जाऊ द्यावे. आमच्याकडून आम्ही पुढचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी दोन ठराव मांडू, पाचट न जाळण्याचा आणि पाणीपुरवठा संस्थांच्या पाळीचा, दोन्ही बाजूंच्या ग्रामसभांत, मराठी आणि कानडीत. ते नामंजूर झाले, तर दोष न्यायालयाचा, दिल्लीचा किंवा आपला नसेल. तो आमचा असेल.

कळावे.

आपले विश्वासू,
नाक्याच्या दोन्ही बाजूंचे रहिवासी