आभासी स्नेहाचे वर्धा-दर्शन

ज्या मैत्रीत दोन्ही पक्षांना एकमेकांची राजकीय मते, झोपेच्या वेळा आणि भरल्या वांग्याची कृती ठाऊक असते, परंतु उंची ठाऊक नसते, अशा आंतरजालीय मैत्रीचे प्रत्यक्ष भेटीत रूपांतर करण्याच्या विधीस मराठी संकेतस्थळांच्या परिभाषेत ‘गटग’ म्हणतात. १९९६ साली ‘मायबोली’ सुरू झाल्यानंतरच्या काळात हा विधी मराठी समाजात चांगलाच रुळला. एरवी तो मुंबई-पुण्याच्या आसपास उरकला जातो. मात्र गटात एखादा वर्धेकर असला आणि तो ‘एकदा आमच्याइकडे येऊन तर पाहा ना बापा’ असे वर्षभर म्हणत राहिला, तर भिडेखातर तो वर्धा जिल्ह्यातही पार पडतो.

विधीचा पहिला टप्पा चुकामूक हा होय, आणि त्यासाठी वर्ध्याइतके सोयीचे स्थान क्वचितच सापडेल. कारण येथे थोड्याशा अंतरावर वर्धा आणि सेवाग्राम अशी दोन जंक्शने आहेत. मुंबईकडून येणारा पहिल्यावर उतरतो, बल्लारशाहकडून येणारा दुसऱ्यावर, आणि दोघेही ‘पोहोचलो, घड्याळाखाली उभा आहे’ असा संदेश धाडून आपापल्या घड्याळाखाली समोरच्याच्या बेभरवशीपणाविषयी मत बनवू लागतात. या गोंधळास मोठी परंपरा आहे. १९३६ साली गांधीजी ज्या सेगावात राहावयास आले, त्या गावाचे टपाल बुलढाण्याकडील शेगावास जाऊ लागल्याने १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम करण्यात आले. म्हणजे हुकलेल्या पत्त्यांवर उपाय म्हणून जे नाव योजले गेले, त्याच नावाच्या स्थानकावर आज माणसे हुकतात.

दुसरा टप्पा ओळख पटण्याचा. ‘डीपी’ म्हणजे नावाशेजारी लावलेले छायाचित्र. ते बहुधा दहा वर्षांपूर्वीचे किंवा वाघाचे असते. वाघाआडून एक भिडस्त बँक कर्मचारी बाहेर येतो, आणि ज्याने गटात कधी तलवार म्यान केली नाही, तो ऑटोवाल्याशी भाडे ठरवण्याचे काम पत्नीकडे सोपवतो. खरा पेच सर्वनामाचा असतो. पडद्यावर वर्षानुवर्षे ‘अरे, तुला काही कळतं का’ असे ज्यास सुनावले, ते गृहस्थ पांढऱ्या मिशांसह समोर उभे राहिल्यावर ‘तू’ तोंडातून निघत नाही आणि ‘तुम्ही’ म्हणणे माघार घेतल्यासारखे वाटते. परिणामी ‘वाटेत काही खाल्ले गेले असावे’, ‘चहा घेतला जाईल ना’ अशी कर्त्यास वगळणारी वाक्ये सुरू होतात. कर्मणी प्रयोगाचा इतका सढळ वापर शासकीय परिपत्रकांखेरीज अन्यत्र आढळत नाही.

प्रेक्षणीय स्थळांची उपयुक्तता नेमकी येथे ध्यानात येते, कारण एकमेकांकडे न पाहता बोलण्याची अधिकृत सोय म्हणजे प्रेक्षणीय स्थळ. सेवाग्राम आश्रमात आदि निवास, बा कुटी आणि बापू कुटी पाहताना मंडळी शांत राहतात, हे स्थानमाहात्म्य अर्धेच. उरलेले अर्धे संकोचाचे. साप न मारता पकडून दूर सोडण्यासाठी तेथे पूर्वी वापरला जाणारा चिमटा आणि पिंजरा दिसला, की गटातील वादविवादांचे नियमन करणाऱ्या सदस्याची नजर त्यावर खिळते आणि पहिला मोकळा हशा होतो. गीताई मंदिरात, जेथे छप्पर व भिंती यांऐवजी विनोबांच्या ‘गीताई’चे अठरा अध्याय कोरलेल्या शिळा उभ्या आहेत, रोज पहाटे गटात श्लोक पाठवणारा सदस्य प्रामुख्याने सावली शोधताना आढळतो. धाम नदीकाठच्या पवनारला, विनोबांच्या आश्रमात, तर विषयच निघतो: विनोबा आणि गांधीजी यांचा परिचयही आधी पत्रांतून झाला होता, आणि १९१६ मध्ये अहमदाबादच्या कोचरब आश्रमात प्रथम भेट झाली तेव्हा भाजी चिरत बसलेल्या गांधीजींनी पाहुण्याच्या हाती सुरी दिली. ही युक्ती सर्वोत्तम मानावी लागेल. हातात काम असले, की सर्वनामाचा प्रश्न आपोआप सुटतो. गटगवाले मात्र भाजी चिरत नाहीत, ते गोरसपाक खातात. गोरस भांडाराचा हा खुसखुशीत पदार्थ तोंडात असता कोणासही धड बोलता येत नाही, आणि पुडा रिकामा होईतो सारे ‘अरे-तुरे’वर आलेले असतात.

अखेरचा टप्पा सायंकाळच्या ‘बैठकी’चा. हिची आखणी गटात सर्वांत आधी, सर्वांत तपशिलाने झालेली असते. गांधीजींच्या वास्तव्याचा मान राखून वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, ही बाब वर्धेकराने तेवढी कळवलेली नसते. पुण्याकडील सदस्य क्षणभर स्तब्ध होतात, मग उसाचा रस मागवला जातो, आणि पुढील गटग ताडोब्यास घेण्याचा ठराव व्याघ्रप्रेमाच्या नावाखाली एकमताने संमत होतो. ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात येते. तेथील दारूबंदी २०२१ साली उठली.