डांबरावरच्या स्टिकचे गुणमीलन

आइस हॉकी हा खेळ बर्फावर खेळला जात असला, तरी त्याचा अभ्यास बराचसा डांबरावर, सिमेंटवर आणि घराच्या तळघरात होतो, कारण कॅनडासारख्या हिमाच्छादित देशातही रिंकवरचा वेळ तासाच्या भाड्याने घ्यावा लागतो, तो अनेक संघांत वाटलेला असतो आणि लहान मुलांच्या वाट्याला येणारा तास पुष्कळदा इतका पहाटेचा असतो, की मुलापेक्षा त्याला गाडीतून नेणारे वडीलच अधिक झोपेत असतात. रिंकबाहेर, स्केट्स न घालता, साध्या बुटांवर उभे राहून पक (म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची कडक रबरी चकती) किंवा चेंडू खेळवण्याच्या या अभ्यासाला ‘ऑफ-आइस ट्रेनिंग’ म्हणतात. त्यासाठी कोणती स्टिक योग्य, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु ज्या घरात तो एकदा उपस्थित झाला, त्या घरात गृहकर्जाच्या व्याजदरावरही इतकी साधकबाधक चर्चा झालेली नसते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हॉकी स्टिक म्हटल्यावर महाराष्ट्रातील वाचकाला आठवते ती मैदानी हॉकीची, खडकीच्या धनराज पिल्ले यांच्या हातात शोभलेली, किंवा मग हिंदी चित्रपटांतील कॉलेजच्या मारामारीत अशा टोळीच्या हातात दिसलेली, जिने हॉकीचा सामना जन्मात खेळलेला नसतो. आइस हॉकीची प्रौढांची स्टिक तिच्याहून दीड-दोन फुटांनी लांब असते. तिला चौकोनी छेदाचा दांडा असतो, खाली पातळ पाते असते, दोहोंच्या सांध्याला टाच म्हणतात आणि पात्याच्या पुढच्या टोकाला टो. मारामारीसाठी ती गैरसोयीचीच ठरावी. तथापि उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंनी त्या बाबतीत प्रयत्नांची कसूर केलेली नाही.

स्टिकची निवड ही तत्त्वतः पत्रिका जुळवण्याची क्रिया आहे. मुलाच्या उंचीवरून लांबी ठरते, वजनावरून फ्लेक्स, वाकून उभे राहण्याच्या ढबीवरून लाय, हाताच्या सवयीवरून डावे-उजवे आणि खेळाच्या शैलीवरून पात्याचे वळण. आणि दुकानातील विक्रेता मुलाला आपादमस्तक न्याहाळून ज्या गांभीर्याने भिंतीवरच्या शंभर स्टिक्समधून एक खाली काढतो, ते पाहता छत्तीसांपैकी निदान बत्तीस गुण जुळले असावेत, अशी पालकांची खात्री पटते. पत्रिकेतला दोष शांत करून निभावतो, येथे तो करवतीने काढतात, एवढाच फरक.

करवतीचा संबंध लांबीशी आहे. रूढ नियम असा, की खेळाडू स्केट्सवर उभा असताना स्टिकचे वरचे टोक त्याच्या हनुवटीशी यावे, आणि तो अनवाणी उभा असताना नाकाशी. स्केट्समुळे माणसाची उंची सुमारे अडीच-तीन इंचांनी वाढते, हे या नियमाचे सारे रहस्य. याचा व्यत्यास मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. बर्फावर अचूक बसणारी स्टिक घेऊन तोच मुलगा बुटांवर गॅरेजसमोर उभा राहिला, की स्टिक तेवढीच राहते आणि मुलगा तीन इंचांनी खचतो. त्यामुळे त्याचे हात जमिनीच्या जवळ येतात, दांडा अधिक आडवा होतो, टाच जमिनीवर टेकते आणि टो हवेत उचलला जातो. पाते आणि दांडा यांच्यातील कोनाला लाय म्हणतात. तो आकड्यांत सांगितला जातो, मोठा आकडा म्हणजे अधिक उभा दांडा. आणि ज्या लायसाठी पालकांनी दुकानात अर्धा तास खर्च केला, तो घरच्या अंगणात पहिल्याच मिनिटाला निरर्थक ठरतो. याचा पुरावा पात्याला गुंडाळलेल्या कापडी टेपवर मिळतो. आठवड्याच्या सरावानंतर टेप टाचेपाशी फाटून दोरे लोंबत असतील आणि टोच्या बाजूला ती कोरी करकरीत असेल, तर स्टिक लांब आहे. सबंध तळाशी सारखी झिजली असेल, तर सारे ठीक. या परीक्षेला कोणतेही यंत्र लागत नाही, म्हणूनच बहुधा ती कोणी करीत नाही.

उपाय उघड आहे: अभ्यासाची स्टिक दोन-तीन इंचांनी आखूड हवी. ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या परिसरात पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात, आणि त्यांच्यापैकी एखाद्या घरी सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना व आजीआजोबांना दीर्घ मुक्कामासाठी मिळणाऱ्या परवान्यावर, नाशिकहून आलेले आजोबा असतील, तर या उपायाची अंमलबजावणी विशेष प्रेक्षणीय होते. गॅरेजमध्ये वर्तमानपत्र पसरलेले असते, तोंडाला मास्क लावलेला असतो, कारण कार्बन तंतूंची धूळ नाकातोंडात जाणे बरे नव्हे. आणि सुपुत्र नव्या स्टिकचे वरचे टोक करवतीखाली धरून बसलेला असतो. “अरे, कोरी काठी कापतोस? तीनशे डॉलर म्हणालास ना?” असे आजोबा विचारतात, मनातल्या मनात त्याचे रुपये करतात आणि पुन्हा विचारतात, “मग आखूडच का नाही घेतलीस?” हॉकीच्या साधनशास्त्रातील हा सर्वांत मूलगामी प्रश्न असून त्याला समाधानकारक उत्तर नाही.

उत्तर द्यायचा प्रयत्न केल्यास फ्लेक्सपाशी यावे लागते. दांडा एक इंच वाकवण्यासाठी जितक्या पौंडांचा जोर लागतो, तो त्याचा फ्लेक्स. जोरदार फटका मारताना खेळाडू स्टिक आधी बर्फावर दाबतो, दांडा धनुष्याकृती वाकतो आणि सुटताना साठवलेली शक्ती पकला देतो; म्हणून ज्याला दांडा वाकवताच येत नाही, त्याच्या हातात महागड्या स्टिकचीही काठीच होते. पौंडातल्या वजनाच्या निम्मा फ्लेक्स घ्यावा, असा ठोकताळा आहे: ऐंशी पौंडांच्या मुलाला चाळीसच्या आसपास. दांडा आखूड केला की तो ताठ होतो, आणि हा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्याने ८५ फ्लेक्सच्या प्रौढ स्टिकचे दोन इंच कापले, तर ती जवळजवळ ९५ ची असल्यासारखी वागू लागते. छापलेला आकडा मात्र ८५ च राहतो आणि मुलगा मित्रांना तोच सांगतो. झ्डेनो खारा या सहा फूट नऊ इंच उंचीच्या बचावपटूने २०१२ साली एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या ऑल-स्टार कौशल्यस्पर्धेत ताशी १०८.८ मैल, म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर वेगाने पक मारला, आणि त्याची स्टिक सामान्य माणसाला वाकवताही येणार नाही इतकी ताठ असे. या माहितीचा परिणाम असा, की चौथीतल्या मुलालाही ताठ स्टिक हवीशी वाटते. फ्लेक्सच्या जोडीला किक पॉइंटचेही नाव निघते, म्हणजे दांडा नेमका कोठे वाकतो तो बिंदू. तळघरात चेंडू इकडून तिकडे सरकवणाऱ्याने त्याची चिंता करू नये.

वरील सर्व विवेचन एकत्र केले, तर अभ्यासाची आदर्श स्टिक स्पर्धेच्या स्टिकपेक्षा दोन-तीन इंच आखूड, फ्लेक्सने किंचित मऊ, सवयीच्याच वळणाची आणि झिजली तरी हळहळ वाटू नये अशी असावी. या सर्व लक्षणांनी युक्त अशी एक वस्तू अस्तित्वात आहे. वाढत्या वयाच्या मुलाची उंची वर्षाला साधारण दोन इंचांनी वाढते, वजनही वाढते, आणि म्हणून गेल्या हंगामात बर्फावर नेमकी बसणारी स्टिक या हंगामात बुटांवर नेमकी बसते. ती विकत घ्यावी लागत नाही, ती गॅरेजच्या कोपऱ्यात फावड्यामागे उभी असते. प्रस्तुत लेखकाच्या मते ऑफ-आइस स्टिकच्या निवडीचे शास्त्र येथेच संपायला हवे होते. परंतु ते संपत नाही, कारण बहुसंख्य घरांत गेल्या वर्षीची स्टिक चुलतभावाला देऊन झालेली असते आणि ती परत मागणे दोन्ही काकूंना प्रशस्त वाटत नाही.

जुनी स्टिक हाताशी नसल्यास द्रव्याचा विचार करावा लागतो. आजच्या बहुतेक स्टिक्स कंपोझिट, म्हणजे कार्बन तंतू आणि राळ यांच्या थरांच्या असतात. त्या हलक्या असतात, उत्तम प्रतीच्या तीनशे-चारशे डॉलरला पडतात, आणि त्यांची हमी बहुधा महिनाभराची असते, जिच्या मुदतीनंतर लगेच मोडण्याची कला त्यांना अवगत असते. बर्फ त्यांच्या पात्याला फारसे खात नाही, डांबर खाते. खडबडीत रस्त्यावर काही तास घासल्यावर पात्याचा तळ भुसभुशीत होतो, तंतू सुटतात आणि पाते खालून वर निमुळते होत जाते. म्हणून रस्त्यावरच्या खेळासाठी एबीएस या चिवट प्लॅस्टिकचे पाते बसवलेली लाकडी स्टिक वापरतात. ती जड असते, स्वस्त असते आणि तिला देखणी म्हणण्याचे धाडस उत्पादकही करीत नाहीत. कंपोझिटच वापरायची असल्यास गुळगुळीत प्लॅस्टिकची चादर, जिला शूटिंग पॅड म्हणतात, खाली अंथरावी, म्हणजे स्टिक वाचवण्यासाठी आणखी एक वस्तू घेतल्याचे समाधान मिळते.

लाकडी स्टिकला हिणवण्याचे मात्र कारण नाही. एकोणिसाव्या शतकात कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील मिगमाक या मूलनिवासी समाजाचे कारागीर अखंड लाकडातून, मुळाच्या नैसर्गिक वळणाचा उपयोग करून, उत्तम स्टिक कोरीत असत. केप ब्रेटनमधील मोफॅट कुटुंबाकडची १८३० च्या दशकातली एक स्टिक तर ज्ञात स्टिक्समध्ये सर्वांत जुनी मानली जाते. ती पुढे एका न्हाव्याच्या दुकानात भिंतीवर टांगलेली होती. तेथून ती एकाने हजार डॉलरला घेतली आणि २०१५ साली कॅनडाच्या इतिहास संग्रहालयाने तीन लाख डॉलर मोजून ती मिळवली. जुनी स्टिक टाकून देणाऱ्या गृहिणींना हा व्यवहार सांगण्यात आल्याची उदाहरणे आहेत. उपयोग झाल्याचे नाही.

पात्याच्या वळणाबाबत ऑफ-आइस अभ्यासकाला जे स्वातंत्र्य आहे, ते व्यावसायिकांना नाही. पाते मुळात सपाट असे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोच्या संघातील स्टॅन मिकिटाची स्टिक सरावात वाकली, त्याने वैतागून तशाच स्टिकने पक मारला, आणि तो विलक्षण गेला. मग त्याने आणि त्याचा सहकारी बॉबी हल याने पाती मुद्दाम वाकवायला सुरुवात केली. ज्या काळी अनेक गोलरक्षक मुखवटाही घालत नसत, त्या काळी हा शोध सर्वांनाच आवडला असेल असे नाही. पुढे नियम आले. १९९३ च्या स्टॅनली चषकाच्या, म्हणजे एनएचएलच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम फेरीतील दुसऱ्या सामन्यात लॉस एंजेलिसचा संघ २-१ ने पुढे असताना, पावणेदोन मिनिटे उरली असताना, माँट्रियलचे प्रशिक्षक जाक डेमर्स यांनी लॉस एंजेलिसच्या मार्टी मॅकसॉर्लीच्या पात्याचे वळण मोजण्याची मागणी केली; ते नियमाहून अधिक भरले, मॅकसॉर्लीला बाहेर बसावे लागले, माँट्रियलच्या एरिक देजार्दँने बरोबरी साधली, जादा वेळेत त्यानेच विजयी गोल केला, आणि पुढे चषकही माँट्रियलने नेला. इंचाच्या अपूर्णांकावरून एवढे रामायण घडलेला खेळ विरळा. गॅरेजसमोर मोजपट्टी घेऊन येणारा कोणी नसतो, तरीही तेथे वेगळे वळण वापरू नये, कारण हाताला एका पात्याची सवय लागते आणि ती मोडायला पुढचा रिंकवरचा तास, तोही पहाटेचा, खर्ची पडतो.

डाव्या-उजव्याचा घोळ क्रिकेट खेळून वाढलेल्या कुटुंबांत अधिक होतो. वरचा हात स्टिक नियंत्रित करतो, म्हणून बळकट हात वर ठेवावा, असे अनेक प्रशिक्षक सांगतात; त्यामुळे उजखोऱ्या मुलाच्या हातात पुष्कळदा ‘लेफ्ट’ स्टिक येते आणि बॅट धरायला शिकवणारे वडील बेचैन होतात, कारण उजखोऱ्या फलंदाजाचा उजवा हात खाली असतो. अशा वेळी, सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो आणि उजव्या बाजूने फलंदाजी करतो, म्हणजे त्याचाही लिहिता हात बॅटवर वरच असतो, हा दाखला द्यावा. सचिनचे नाव निघाल्यावर मराठी घरात वाद सहसा पुढे जात नाही.

घरात सराव करू द्यावा की नाही, यावर मतभेद आहेत. नामवंत हॉकीपटू सिडनी क्रॉस्बी याने लहानपणी नोव्हा स्कोशियातील कोल हार्बरच्या घराच्या तळघरात पक मारमारून कपडे वाळवण्याच्या यंत्राला असंख्य पोचे पाडले, आणि ते यंत्र पुढे हॅलिफॅक्सच्या क्रीडा-दालनात प्रदर्शनास ठेवले गेले. तळघरात सराव करणारा प्रत्येक मुलगा हे उदाहरण पाठ करून असतो. तथापि घरातला सराव बंद पडतो तो यंत्रामुळे नव्हे, तर ग्लोव्ह्जमुळे. अभ्यासही ग्लोव्ह्ज घालूनच करावा, नाहीतर दांड्याची पकड खोटी बसते, असे जाणकार सांगतात, आणि ते खरे आहे. परंतु हंगामभर घाम मुरलेल्या हॉकी ग्लोव्ह्जचा दर्प बंद तळघरात जिन्यावरून वर चढतो, स्वयंपाकघरात पोचतो, आणि फोडणीलाही दाद देत नाही. त्यानंतर आई मुलाला, ग्लोव्ह्जना आणि स्टिकला एकाच वाक्यात बाहेर काढते. बाहेर डांबर असते, आणि चारशे डॉलरची कंपोझिट परत वर नेऊन फावड्यामागे काही मिळते का, याचा शोध सुरू होतो.